वर्ल्ड कप शहरात आला तरी नवी खोली बांधू नका!



गेल्या महिन्यात पनवेलच्या बॅचमध्ये सेशन संपल्यावर एक ताई थांबल्या. हातात घराचा नकाशा होता. म्हणाल्या, "सर, आता विमानतळ झालंय. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठमोठे सामने होतात. फुटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा परत आली तर पाहुण्यांना राहायला जागा लागणारच ना? घरावर एक मजला चढवून चार खोल्या काढते. बँक बारा लाख द्यायला तयार आहे. करू ना?"

मी म्हटलं, "ताई, नका करू."

त्यांचा चेहरा उतरला. बरोबरच आहे. एरवी व्हिडिओत "संधी ओळखा, पाऊल उचला" म्हणून ओरडणारा माणूस समोर उभा राहून नको म्हणतोय! म्हणून त्यांना जे सांगितलं ते आज तुम्हालाही सांगतो. ही गोष्ट मी आजवर एकाही व्हिडिओत सांगितलेली नाही, कारण त्यात चूक माझी आहे.

२०१७ चा ऑक्टोबर

२०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा फिफा वर्ल्ड कप भारतात झाला. ६ ते २८ ऑक्टोबर. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोवा आणि आपली नवी मुंबई, अशी सहा ठिकाणं. आपल्या देशातला फिफाचा पहिलाच वर्ल्ड कप, त्यामुळे वातावरण एकदम तापलं होतं. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने "मिशन वन मिलियन" केलं होतं, म्हणजे एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचं. शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. आम्हाला वाटलं, आता फुटबॉल म्हणजे सोन्याची खाण.

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, जुईनगरला डब्यांचा धंदा करायचा. स्टेडियम तिथून जवळच. मी तेव्हा नोकरी करत होतो आणि धंद्यातलं सगळं आपल्याला कळतं असं मला वाटायचं. मीच त्याच्या डोक्यात भरवलं. "दादा, बाहेरच्या देशांतून लोक येणार. हॉटेलं भरणार. दोन फ्लॅट भाड्याने घे, गेस्ट हाउस काढ."

दोन वन बीएचके घेतले. अकरा महिन्यांचा करार. दोन्हींचं मिळून भाडं महिन्याला ३६,००० रुपये. रंग, सेकंडहँड एसी, पलंग, गाद्या, पडदे, गीझर धरून १,८५,००० रुपये गेले. दादाकडे एवढे नव्हते. थोडे मी दिले, बाकीच्यासाठी वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्या. वहिनी तेव्हा एवढंच म्हणाली होती, "भावजी, तुम्ही हिशोब नीट केलाय ना?" मी म्हटलं, केलाय.

तो हिशोब असा होता. चार खोल्या, २२ रात्री, रात्रीला २,५०० रुपये. म्हणजे २,२०,००० रुपये!

आता जरा वही घ्या आणि माझ्यासोबत बेरीज करा. एका महिन्याचं भाडं ३६,००० अधिक सामान १,८५,०००. किती झाले? २,२१,०००. म्हणजे एकही रात्र रिकामी न जाता सगळ्या खोल्या पूर्ण दराने भरल्या असत्या, तरी त्या महिन्यात हजार रुपये तोटाच होता. वीजबिल, साबण, चादरी धुणं, बुकिंग ॲपचं कमिशन हे तर धरलंच नाही. "सामान पुढेही वापरता येईल" असं म्हणून मी तो खर्च हिशोबातून बाहेर ठेवला होता. पुढे म्हणजे कधी, कुणासाठी, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

आणि झालं काय? पूर्ण महिन्यात अकरा रात्री विकल्या गेल्या. सरासरी दर १,२०० रुपये. हातात आले १३,२०० रुपये.

असं का झालं?

पहिलं कारण कॅलेंडर. स्पर्धा २३ दिवसांची होती, पण नवी मुंबईत सामन्यांचे दिवस फक्त पाच: ६, ९, १२, १८ आणि २५ ऑक्टोबर. १८ तारखेला घाना आणि नायजर खेळले तेव्हा दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं! दिवाळीत आपला माणूस बाहेरच्या गावी गेस्ट हाउसवर राहतो का? हे वेळापत्रक कुणापासून लपलेलं नव्हतं. पण मी "वर्ल्ड कप" एवढाच शब्द वाचला होता, तारखा वाचल्या नव्हत्या.

दुसरं कारण प्रेक्षक. सामना पाहायला आलेली बहुतेक माणसं होती ठाणे, डोंबिवली, चेंबूर, वाशीची. संध्याकाळी पाच आणि रात्री आठचा असे दोन्ही सामने बघून लोकलने आपापल्या घरी. त्यांना वडापाव लागतो, पाणी लागतं, स्वच्छ संडास लागतो. खोली लागत नाही.

तिसरं कारण कागदपत्रं. एका रात्री दोन परदेशी पाहुणे पाठीवर बॅगा घेऊन खरंच दारात आले. दादा इतका खूश झाला! पण परदेशी माणसाला ठेवून घ्यायचं तर त्याची नोंद २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन करावी लागते. लॉजवाले याला वर्षानुवर्षं "फॉर्म सी" म्हणतात. त्यासाठी आपल्या जागेची आधी नोंदणी लागते. आमची नव्हती. ज्यांच्यासाठी एसी लावला, त्यांनाच दारातून परत पाठवावं लागलं. त्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली: निवासी फ्लॅटमध्ये विनापरवानगी लॉजिंग चालणार नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आणि चौथं कारण, जे मला अजून टोचतं. सप्टेंबरच्या शेवटी एक सुपरवायझर आला होता. मंडप आणि केबलचं काम करणारी सोळा मुलं, वीस रात्री झोपायची सोय हवी, माणशी २०० रुपये. जेवण वेगळं. म्हणजे नुसते राहण्याचे ६४,००० रुपये, तेही खात्रीचे! मी दादाला सांगितलं, "नको, नव्या गाद्या खराब करतील. आपल्याकडे फॉरेनर येणार आहेत."

मित्रांनो, खरा ग्राहक दारात उभा होता आणि मी त्याला हाकलला, कारण तो माझ्या डोक्यातल्या चित्रासारखा दिसत नव्हता.

स्टेडियम एकच, पण तीन वेळा तीन धडे

तुम्ही म्हणाल, सर, तुमचा अंदाज चुकला, प्रत्येकाचा चुकेल असं थोडंच आहे? म्हणून पुढचं बघा.

जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक महाराष्ट्रात झाला. नेरुळ, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी अशी तीन मैदानं. पण कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. खेळाडू हॉटेलात बंदिस्त. त्यातच भारतीय संघात इतक्या जणी पॉझिटिव्ह निघाल्या की २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध संघच उभा करता आला नाही आणि आपण स्पर्धेबाहेर गेलो. स्पर्धा मात्र पूर्ण झाली, अंतिम सामना नेरुळलाच झाला. आता सांगा, त्या स्पर्धेच्या भरवशावर कुणी खोली बांधली असती तर?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप होता. भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबई. स्पर्धेला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते आणि ऑगस्टच्या मध्यात फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. यजमानपदच धोक्यात आलं. २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि ३० ऑक्टोबरला नेरुळला स्पेनने कोलंबियाला हरवून कपही उचलला. शेवट गोड झाला. पण ते दहा-अकरा दिवस कर्ज काढलेल्या माणसाने कसे काढायचे?

आणि हे नेरुळपुरतं नाही. २०१७ मध्येच ब्राझील विरुद्ध इंग्लंड हा उपांत्य सामना गुवाहाटीला ठरला होता. पावसाने मैदान खराब झालं आणि दोन दिवस आधी तो सामना कोलकात्याला हलवला. ब्राझीलचा सामना म्हणून गुवाहाटीत ज्यांनी किराणा भरला असेल, गाड्या बुक केल्या असतील, त्यांच्या मालाचं काय? आयोजक सामना हलवू शकतात, आपल्याला आपली खोली हलवता येत नाही.

मोठ्या वर्ल्ड कपची गोष्टही फार वेगळी नाही. २०१० ला दक्षिण आफ्रिकेत फिफासाठी निवासाचं बुकिंग बघणाऱ्या कंपनीने छोट्या गेस्ट हाउसनाही करारात घेतलं होतं. लोकांना मोठी आशा लागली. पण स्पर्धा तोंडावर आली तेव्हा आगाऊ अडवून ठेवलेल्या खोल्यांपैकी बऱ्याच परत केल्या गेल्या. खास वर्ल्ड कपसाठी आलेले परदेशी पाहुणे तीन लाखांच्या आसपास भरले, आधीच्या अंदाजांपेक्षा बरेच कमी.

माझं मत स्पष्ट आहे. स्पर्धेच्या तारखा, जागा, प्रेक्षक, परवानग्या यातलं काहीही आपल्या हातात नसतं. ज्यातलं काहीच आपल्या हातात नाही, त्यावर घर गहाण टाकू नये.

मग संधी नाहीच का?

आहे! भरपूर आहे. फक्त ती आपण टीव्हीवर बघतो तिथे नाही. स्पर्धेला येणाऱ्या माणसांचे चार गट करा.

१. संघ, पंच, अधिकारी. हे मोठ्या तारांकित हॉटेलात राहतात. बुकिंग खूप आधी, आयोजकांमार्फत. हा आपला ग्राहक नाही. विषय संपला.

२. प्रेक्षक. बहुतेक स्थानिक. यांना राहायला नको, सोय हवी. स्टेडियममध्ये मोठ्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या नेऊ देत नाहीत. कॉलेजमधून, ऑफिसमधून थेट आलेला माणूस ती बॅग ठेवणार कुठे? स्टेशनजवळ ज्याचं आधीच दुकान आहे, त्याने पोलीस ठाण्यात बोलून, टोकन देऊन बॅगा ठेवायची सोय केली तर भांडवल किती लागतं? एक रॅक आणि एक वही.

३. काम करणारी माणसं. मंडप, लाइट, केबल, कॅमेरा, सुरक्षा, साफसफाई, ड्रायव्हर. ही सामन्याच्या किती तरी दिवस आधी येतात आणि सामना संपल्यावर सगळं उतरवून जातात. यांना स्वच्छ गादी, गरम पाणी, रात्री एक वाजता मिळणारं जेवण आणि कपडे धुऊन मिळण्याची सोय हवी असते. टीव्हीवर ती कधीच दिसत नाहीत, पण पैसे रोज देतात.

४. स्पर्धेनंतर येणारी मुलं. हा सगळ्यात महत्त्वाचा गट. मोठी स्पर्धा झाली की गावात चांगली मैदानं तयार होतात, सरावाची सोय होते. मग तिथे वर्षभर शालेय, जिल्हा, राज्य पातळीवरचे सामने होतात. त्यासाठी बाहेरगावचे संघ येतात.

दादाला वाचवलं ते या चौथ्या गटाने. डिसेंबरमध्ये कोल्हापूरहून एका प्रशिक्षकांचा फोन आला. अठरा मुलं, दोन मोठी माणसं, तीन रात्री. पलंग नको, जमिनीवर गाद्या चालतील. दादाने या वेळी मला विचारलंच नाही, सरळ हो म्हणाला. (बरं केलं!)

ती मुलं आली आणि आम्हाला कळलं की खेळाडूला काय लागतं. एसी कुणी लावलाच नाही. त्यांना हवं होतं:

- चिखलाचे बूट ठेवायला दाराबाहेर रॅक
- जर्सी धुवायला दोन मोठे टब आणि वाळत घालायला भरपूर दोरी
- सकाळी सहाला नाश्ता: पोहे, अंडी, केळी. तेलकट नको
- सामन्याला सोबत न्यायला २० लिटरचे पाण्याचे जार
- बर्फ. पाय मुरगळला तर शेकायला बर्फ लागतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं
- मुलांच्या आई-वडिलांना फोनवर सांगायला "हो, पोहोचली, जेवली"

दादा डबेवाला. स्वयंपाक, वेळ आणि माणसं जपणं हे त्याचं हाडाचं काम. म्हणजे ताकद पहिल्यापासून त्याच्याकडे होती, मी मात्र त्याला एसी घ्यायला लावला! करार संपल्यावर त्याने फ्लॅट सोडले, गावठाणात एक जुनं घर भाड्याने घेतलं, मालकाच्या संमतीने आणि सगळी नोंदणी करून. आज तिथे संघ येतात, परीक्षेला आलेली मुलं येतात, साइटवर काम करणारे इंजिनिअर येतात. ऑक्टोबर २०२२ ला वर्ल्ड कप परत आला तेव्हा दादाने एक रुपयाही नवा घातला नाही. होत्या त्या गाद्या आणि होतं तेच स्वयंपाकघर. कामगारांचे डबे मात्र तीन आठवडे चालले.

तयारी करायची तर ही करा

स्पर्धा येवो न येवो, पुढच्या तीन महिन्यांत हे करून ठेवा:

- कागद आधी, कपाट नंतर. उद्यम नोंदणी, गुमास्ता, जेवण देणार असाल तर अन्न परवाना, सोसायटीची किंवा घरमालकाची लेखी संमती. स्वतःच्या घरातल्या मोजक्या खोल्या द्यायच्या असतील तर राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तिची माहिती घ्या. परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीचं लॉगिन आधीच काढा. आमच्यासारखं दारातून परत पाठवू नका.
- बाथरूम. खोलीतल्या टीव्हीपेक्षा बाथरूममधला नळ जास्त पाहुणे परत आणतो. गळती, कडी, बादली, उजेड. हा खर्च कधीच वाया जात नाही.
- पाहुण्यांची वही आणि ओळखपत्राची प्रत. प्रत्येकाची. ओळखीच्या माणसाचीही.
- अग्निशामक सिलिंडर आणि प्रथमोपचार पेटी. आपल्या छताखाली दुसऱ्याची लेकरं झोपतात, हे विसरू नका.
- चार फोन नंबर. जवळच्या मैदानाचे व्यवस्थापक, शाळेचे क्रीडाशिक्षक, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि एक मंडप कंत्राटदार. जाहिरातीवर खर्च करण्याआधी यांना भेटा.

यात कुठेही बारा लाख लागत नाहीत. बघा पटतंय का.

"पण सर, कोल्डप्लेच्या वेळी..."

हा प्रश्न येणारच. जानेवारी २०२५ मध्ये याच स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे दर आभाळाला भिडले. अगदी खरं आहे. कारण तिथे देशभरातून माणसं आली होती आणि कार्यक्रम संपला रात्री. म्हणजे खोली कधी विकली जाते? माणूस बाहेरगावचा असेल आणि परत जायला उशीर होत असेल तेव्हा. दोन्ही अटी एकत्र लागतात.

पण त्या तीन दिवसांत कमाई कुणाची झाली? ज्यांच्या खोल्या आधीच चालू होत्या त्यांची. त्यांच्यासाठी ते तीन दिवस म्हणजे बोनस. बोनसच्या आशेवर कुणी घराचा हप्ता ठरवत नाही.

आणि एक विनंती. अशा वेळी दर थोडा वाढवा, पण लुटू नका. नेहमी येणाऱ्या माणसाला नेहमीचाच दर द्या. वर्षातले बाकीचे ३६० दिवस तोच तुम्हाला जगवतो.

एक प्रश्न, तीन रकाने

ताईंना मी वहीत तीन रकाने काढायला सांगितले. स्पर्धेआधी, स्पर्धेत, स्पर्धेनंतर. प्रत्येक खर्चासमोर लिहायचं, या तिन्ही काळांत ही वस्तू कोण वापरणार? नावानिशी लिहायचं. "पर्यटक" असं नाही, "शेजारच्या नर्सिंग कॉलेजच्या मुलींचे पालक" असं.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो खर्च करायचा नाही. तिसरा भरला आणि मधला रिकामा राहिला तर बिनधास्त करा, स्पर्धेची वाटसुद्धा बघू नका.

ताईंचा मजल्याचा तिसरा रकाना रिकामा राहिला. पण लिहिता लिहिता त्यांना आठवलं, तळमजल्यावरची मागची खोली सासरे गेल्यापासून बंद आहे. स्वतंत्र दार आहे. बाथरूमचं काम करायला साधारण साठ हजार लागतील. त्या खोलीपुढे तिसऱ्या रकान्यात त्यांनी तीन नावं लिहिली. बारा लाखांचं अजून त्यांनी नक्की केलेलं नाही, निर्णय त्यांचाच आहे. माझं मत मी सांगितलं.

वहिनीच्या पाटल्या सुटायला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी सुटल्या त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो होतो. वहिनी काही बोलली नाही, फक्त दादाची हिशोबाची वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी आधी ही बघा, भावजी."

तेव्हापासून आधी वही बघतो. तुम्हीही बघा. आजच तीन रकाने काढा आणि तुमच्या डोक्यातला सगळ्यात मोठा खर्च त्यात लिहून बघा. तिसरा रकाना काय म्हणतो ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण डोळे उघडे ठेवून!